हार गळ्यात पडला, म्हणजे लग्न लागलं का? ‘परिणीता’च्या निमित्ताने

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी टीव्हीवर ‘परिणीता’ लागला होता. २००५ सालचा, विद्या बालन, सैफ अली खान आणि संजय दत्तचा. आई समोर मेथी निवडत बसली होती. ललिता आणि शेखर एकमेकांच्या गळ्यात हार घालतात ती रात्र आली, गेली, सिनेमा पुढे सरकला. थोड्या वेळाने आईने जुडी खाली ठेवली आणि विचारलं, “अगं, पण ह्यांचं लग्न झालंय का नाही?”

मी म्हटलं, झालंय.

“कुठे झालंय? भटजी नाही, अक्षता नाहीत, चार माणसं नाहीत. उद्या तो नाही म्हणाला तर?”

पुढे तो खरोखरच जवळजवळ नाही म्हणतो. आईचा हा प्रश्न म्हणजे सगळी ‘परिणीता’ आहे. शरच्चंद्र चट्टोपाध्यायांनी १९१४ साली ही छोटी कादंबरी लिहिली ती याच प्रश्नावर. हिंदीत तिच्यावर सिनेमे झाले तेव्हा प्रत्येक वेळी दिग्दर्शकाला याच प्रश्नाशी झटावं लागलं. म्हणून वाटलं, धर्म, रूढी, कायदा आणि सिनेमा यांचा हा गुंता एकदा नीट सोडवून सांगावा.

सुरुवात नावापासून करू, कारण मेख तिथेच आहे.

‘परिणय’ हा शब्द आपल्या लग्नपत्रिकांवर आजही छापला जातो. अविवाहित माणसाला जुन्या मराठीत ‘अपरिणीत’ म्हणत. मूळ संस्कृत धातू ‘नी’, म्हणजे नेणे, आणि ‘परि’ म्हणजे सभोवती. परिणीता म्हणजे जिला अग्नीभोवती नेलं आहे ती. आता गंमत बघा, कादंबरीतल्या ललितेला अग्नीभोवती कुणी नेलेलंच नाही. होम पेटलेला नाही, सात पावलं पडलेली नाहीत. तरी लेखक पुस्तकाच्या पहिल्या पानावर, गोष्ट सुरू होण्याआधीच, तिला परिणीता म्हणून मोकळा होतो. ते नुसतं शीर्षक नाही. समाज काय म्हणेल ते म्हणो, ही विवाहित आहे, असा लेखकाने दिलेला तो निवाडा आहे. बंगाली वाचकाला ते नाव पाहताच कळत असणार. आपण हिंदी सिनेमाचं नाव म्हणून ते ऐकतो आणि पुढे जातो.

मूळ गोष्ट अशी. गुरुचरण हा कलकत्त्यातला साठ रुपये पगाराचा बँकेतला कारकून. कादंबरी उघडते तीच मुळी त्याला पाचवी मुलगी झाल्याची बातमी येते तिथे, आणि त्याचा चेहरा असा पडतो की शक्ती लागलेल्या लक्ष्मणाचाही पडला नसेल. एका मुलीच्या लग्नासाठी घर शेजारच्या श्रीमंत नवीन रायकडे गहाण पडलेलं आहे. त्यातच बहिणीची पोरकी मुलगी ललिता सांभाळायला. नवीन रायचा धाकटा मुलगा शेखर, शिकलेला, ॲटर्नी. ललिता लहानपणापासून त्याच्या घरी जाते-येते. शेखरच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे असते आणि पैसे लागले की ती न विचारता उघडून घेते.

ही किल्ली विसरू नका. शरच्चंद्र प्रेम असं दाखवतात. कुणी कुणाला ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ म्हणत नाही. कपाट कोण उघडू शकतं, कुणी कुठे जाऊ नये म्हटलं की पाय आपोआप थांबतो, एवढ्यावरून ते कळतं. ललिता त्याला ‘शेखरदा’ म्हणते. मराठी कानाला हे खटकतं, दादा म्हटल्यावर लग्न कसं? पण बंगालीत ‘दा’ हे वयाने मोठ्या कुठल्याही ओळखीच्या मुलाला लावतात. त्यात भावाचं नातं असतंच असं नाही, मान असतो आणि जवळीकही.

मग ती रात्र येते. गुरुचरणची लहान मुलगी काली हिच्या बाहुलीचं लग्न आहे. खेळातलं लग्न, पण हार खरे, फुलांचे. ललिता त्यातला एक हार थट्टेत शेखरच्या गळ्यात टाकते. शेखर गंभीर होतो. तिने काय केलं याचा अर्थ तिलाही उमगतो आणि ती लाजेने अर्धी होते. मग तोच हार तो तिच्या गळ्यात घालतो. संपलं. साक्षीदार कुणी नाही. खालच्या मजल्यावर बाहुल्यांच्या लग्नाला वऱ्हाड आहे, आणि वर खरं लग्न लागतंय त्याला कुणीही नाही! शरच्चंद्रांच्या कारागिरीची मला यापेक्षा सुंदर जागा माहीत नाही.

हाराला एवढं वजन का, हे आपल्याला समजायला जड जाऊ नये. आपल्याकडे शेवटचं मंगलाष्टक संपतं, अंतरपाट खाली येतो, आणि पहिली गोष्ट काय होते? हार. सप्तपदी नंतर, जेवणाच्या पंगती सुरू झालेल्या असतात तेव्हा, निम्म्या पाहुण्यांच्या नजरेआड होते. ‘लग्न लागलं’ असं आपण म्हणतो ते हाराच्या क्षणाला. बंगाली लग्नातही ‘मालाबदल’ असाच मोक्याचा. वधू विड्याच्या पानांनी चेहरा झाकून येते, पानं दूर होतात, दोघांची नजरानजर होते तिला ‘शुभदृष्टी’ म्हणतात, आणि हार बदलले जातात. शिवाय स्वयंवराच्या कथांतून हाराने वर निवडण्याची कल्पना साऱ्या देशाच्या मनात मुरलेली आहे.

आणि शास्त्र? स्मृतींमध्ये विवाहाचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यातला एक गांधर्व, म्हणजे वधूवरांनी एकमेकांच्या इच्छेने केलेला. शकुंतला आणि दुष्यंत यांचा तो. शकुंतलेचं पुढे काय झालं ते आपण जाणतोच. ती दरबारात उभी राहिली आणि राजाने ओळख दिली नाही. गांधर्व विवाहाचा दुबळेपणा नेमका इथे आहे. तो दोघांना बांधतो, पण दोघांपैकी एकाने हात झटकले तर दुसऱ्याकडे दाखवायला काही उरत नाही. आईचं ‘उद्या तो नाही म्हणाला तर?’ इतकं जुनं आहे.

शेखर नाही म्हणण्याच्या काठावर का येतो, ते समजायला आणखी एक गोष्ट हवी, ब्राह्मो समाज. सिनेमा पाहणाऱ्यांना ती माहीतच नसते, कारण २००५च्या सिनेमात ती नाही.

राजा राममोहन रॉय यांनी १८२८ मध्ये कलकत्त्यात ब्राह्मो समाजाचा पाया घातला. एकेश्वरवाद, मूर्तिपूजा नाही, आणि पुढेपुढे जातिभेद नाही. आपला प्रार्थना समाज १८६७ साली मुंबईत निघाला तो याच प्रेरणेतून, ब्राह्मो समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन मुंबईत येऊन गेल्यानंतर. पण एक मोठा फरक आहे. आपले न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रार्थना समाजात जाऊनही आपापल्या जातीत, कुळात राहिले. बंगालमध्ये मात्र दीक्षा घेऊन ब्राह्मो होणं म्हणजे कित्येकदा घरादाराला, पंगतीला, सोयरिकीला मुकणं होतं. ब्राह्मोंनी लग्नातून होम आणि मूर्ती काढल्या तेव्हा त्यांची लग्नं कायद्याने टिकतील का, हाच प्रश्न उभा राहिला. म्हणून केशवचंद्रांनी खटपट केली आणि १८७२ चा नागरी विवाहाचा कायदा झाला. त्याखाली लग्न करायचं तर वधूवरांना लिहून द्यावं लागे की आम्ही हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, अशी बरीच यादी. म्हणजे लग्न पक्कं हवं तर धर्म सोडल्याचं जाहीर करा!

आता कादंबरीत परत या. मुलींच्या लग्नांनी आणि कर्जाने पिचलेला गुरुचरण शेवटी ब्राह्मो होतो. त्याला धीर देणारा गिरीन हा शेजारच्या ब्राह्मो घरातला तरुण, संजय दत्तने केलेला गिरीश तो हाच. गिरीन त्याचं कर्ज फेडायला बिनव्याजी पैसेही देतो. ही बातमी शेखरच्या कानावर येते तेव्हा तो हादरतो. गुरुचरणच्या घरची मुलगी आता त्याच्या घरात सून म्हणून येऊच शकत नाही. आणि त्या रात्रीचं कुणालाच माहीत नाही. शरच्चंद्रांनी इथे नायकाला अजिबात सांभाळून घेतलेलं नाही. शेखरला दुःख होतं, गिरीनचा मत्सर वाटतो, पण त्याबरोबरच ललिता बोलली तर काय, ही भीतीही वाटते. ती बोलली नाही याने त्याला बरं वाटतं. शिकलेल्या, चांगल्या घरच्या, मनाने वाईट नसलेल्या माणसाची ही भित्री सुटका वाचताना मला दरवेळी राग येतो, आणि म्हणूनच ते पात्र खरं वाटतं.

ललिता गप्प राहते. मात्र गिरीनशी तिचं लग्न ठरू लागतं तेव्हा ती त्याला एवढंच सांगते की माझं लग्न झालेलं आहे. गिरीन तिचा शब्द मानतो आणि कालीशी लग्न करतो. बघा, हाराचा पुरावा एकाच माणसाने मागितला नाही, तोही परक्याने.

ललितेचं वय कादंबरीत तेरा आहे. हे वाचून आज पोटात गोळा येतो, आणि यायलाच हवा. पण १९१४ च्या वाचकाला ते वय लग्नाचंच वाटे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मर्यादा दहावरून बारावर नेली तेवढ्यावरून बंगाल आणि महाराष्ट्र दोन्हीकडे रणं माजली होती. रमाबाई रानडे अकराव्या वर्षी लग्न होऊन आल्या होत्या. १८७२ च्या ब्राह्मो कायद्यात मुलीचं किमान वय चौदा ठेवलं होतं, आणि १८७८ मध्ये खुद्द केशवचंद्रांनी त्याहून लहान असलेल्या आपल्या मुलीचं कूचबिहारच्या राजघराण्यात लग्न लावून दिलं तेव्हा ब्राह्मो समाजात उभी फूट पडून ‘साधारण ब्राह्मो समाज’ या नावाने वेगळा समाज निघाला. मुलींसाठी चौदाची मर्यादा सर्वांना लागू करणारा शारदा कायदा आला तो १९२९ मध्ये.

तेव्हा सिनेमावाल्यांपुढची अडचण लक्षात आली? वय बदलावंच लागणार. वय बदललं की बाहुलीच्या लग्नातला खेळकर हार बदलतो. तेरा वर्षांच्या मुलीने थट्टेत हार टाकणं वेगळं आणि वीस-बावीस वर्षांच्या बाईने टाकणं वेगळं.

बिमल रॉय यांनी १९५३ मध्ये ‘परिणीता’ केला तो अशोक कुमार यांच्या निर्मितीत. शेखर स्वतः अशोक कुमार, तेव्हा चाळिशी ओलांडलेले, आणि ललिता मीना कुमारी, जेमतेम विशीच्या. या सिनेमाने कादंबरीचा हात फारसा सोडला नाही. तोवर ती कादंबरी चाळीस वर्षांचीही नव्हती. प्रेक्षकांतल्या आज्यांनी ते जग पाहिलेलं होतं, त्यामुळे समजावून सांगण्याची गरज नव्हती. मीना कुमारी नुसती दारात थांबते आणि सगळं कळतं. दिग्दर्शन आणि अभिनय, दोन्हींसाठी या सिनेमाला फिल्मफेअर मिळालं. मन्ना डे यांचं ‘चली राधे रानी’ त्यातलंच. पुढे १९६९ मध्ये बंगालीत सौमित्र चटर्जी आणि मौसमी चटर्जी यांचा ‘परिणीता’ आला, १९७६ मध्ये हिंदीत जितेंद्र आणि सुलक्षणा पंडित यांचा ‘संकोच’.

२००५ ची गोष्ट निराळी. जाहिरातींच्या जगातून आलेले प्रदीप सरकार यांचा हा पहिला सिनेमा, विद्या बालनचा पहिला हिंदी सिनेमा, निर्माते विधु विनोद चोप्रा. त्यांनी काळच उचलून १९६२ च्या कलकत्त्यात नेला. का? एक कारण डोळ्यांना दिसतं. पार्क स्ट्रीटचं मूलाँ रूज, तिथे गाणारी रेखा, दार्जिलिंगची झुकझुक गाडी, पियानो, शेखरच्या हातात संगीत. स्वानंद किरकिरे यांची गाणी आणि शंतनू मोइत्राचं संगीत त्या जुन्या कलकत्त्याला असं चिकटून आहे की ‘पियू बोले’ ऐकलं की मला न पाहिलेल्या शहराची आठवण येते. गुरुचरणच्या भूमिकेत आपले अच्युत पोतदार आहेत. थकलेला, भला, कर्जाने वाकलेला मामा त्यांनी जसा उभा केला त्यात मला आमच्या चाळीतले दोन-तीन जण दिसतात.

पण १९६२ त घेतल्याबरोबर कादंबरीचे खांब निखळले. तोवर ब्राह्मो झाल्याने कुणी वाळीत पडत नव्हतं, म्हणून तो धागा काढला. मग दोन घरांत वैर यायचं कशावरून? पैशावरून. नवीन रायला गुरुचरणची हवेली हडपून तिथे हॉटेल बांधायचं आहे. धर्माच्या जागी जमीन आली. ललिता आता मोठी, नोकरी करणारी. आणि हार पुरेसा वाटेना, म्हणून त्या रात्री दोघं शरीरानेही एकत्र येतात. मला वाटतं, इथे पटकथेने कबूलच केलं की आजच्या प्रेक्षकाला नुसता हार पटणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, कायद्याने काय? हे मला स्वतःला शोधून वाचावंसं वाटलं, आणि जे हाती लागलं त्याने मी थक्क झाले.

१९५५ चा हिंदू विवाह कायदा म्हणतो की दोघांपैकी एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी झाले पाहिजेत, आणि त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडल्यावर लग्न पूर्ण होतं. हाराचं नाव त्या कलमात नाही. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आपल्या महाराष्ट्रातला एक खटला आला. पहिली बायको असताना एका माणसाने दुसरं लग्न केलं होतं, गांधर्व पद्धतीने. न्यायालयाने विचारलं, होम झाला का, सप्तपदी झाली का? आणि त्यांशिवाय लग्न होण्याची रूढी तुमच्यात आहे हे सिद्ध केलंत का? दोन्ही नाही. तर मग ते कायद्याच्या लेखी दुसरं लग्नच नव्हे, आणि लग्न नाही म्हणून द्विभार्येचा गुन्हाही नाही. ते गांधर्व लग्न लागलं होतं फेब्रुवारी १९६२ मध्ये. सिनेमातल्या ललितेच्या गळ्यात हार पडला तेच वर्ष!

म्हणजे कोर्टात गेली असती तर सिनेमातली ललिता हरली असती. २०२४ मध्येही सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावलं की विधी झाले नसतील तर नुसत्या नोंदणीच्या कागदाने हिंदू विवाह होत नाही.

एक राज्य मात्र वेगळं वागलं. तमिळनाडूने १९६७ मध्ये या कायद्यात स्वतःचं कलम घातलं. पेरियार यांच्या स्वाभिमान चळवळीत भटजीशिवाय लग्नं लागत, त्यांना मान्यता देण्यासाठी. त्या कलमानुसार नातेवाईक, मित्र किंवा इतर कुणाच्या देखत दोघांनी एकमेकांना हार घातला, किंवा अंगठी घातली, किंवा ताली, म्हणजे तिकडचं मंगळसूत्र, बांधली, तरी लग्न पूर्ण. होम नको, सप्तपदी नको. ललितेच्या हाराला कायद्याने जागा दिली, फक्त ती बंगालपासून फार दूर, आणि एका अटीवर, की बघायला कुणीतरी हवं.

सिनेमाने शेवटी तेच केलं असं मला वाटतं. कादंबरी घरातल्या घरात, आवाज न करता मिटते. गिरीनकडून खरं कळतं आणि शेखरला स्वतःच्या तोंडाने आईपुढे कबूल करावं लागतं. २००५ च्या सिनेमात नवीन रायने दोन घरांमध्ये भिंत बांधलेली आहे. शेखरच्या दुसऱ्या लग्नाचं वऱ्हाड अंगणात जमलेलं असताना गिरीश हवेलीची कागदपत्रं त्याच्या हाती ठेवतो, आपलं लग्न गुरुचरणच्या मुलीशी, कोयलशी झाल्याचं सांगतो, आणि शेखर त्या भिंतीवर तुटून पडतो. बऱ्याच समीक्षकांना हा शेवट भडक वाटला. मलाही पहिल्यांदा वाटला होता. पण या वेळी आईशेजारी बसून पाहताना दिसलं की भिंतीपेक्षा त्या वऱ्हाडाकडे बघायला हवं. चोरून घातलेल्या हाराला जे मिळालं नव्हतं ते आता मिळतंय, चारचौघं. भिंत फोडणं हा त्या लग्नातला राहिलेला विधी आहे.

एक गोष्ट मात्र सिनेमात हरवली ती हरवलीच. शरच्चंद्रांनी ही कादंबरी लिहिली तेव्हा ते रंगूनमध्ये सरकारी हिशेब कचेरीत कारकून होते. साठ रुपये पगारात पाच मुली म्हणजे काय, याची बेरीज त्यांना करून दाखवावी लागत नव्हती. सिनेमातली हवेली इतकी देखणी आहे की तिथल्या गरिबीची झळ लागत नाही. कादंबरीत ललितेचा हार जड होतो तो या बेरजेमुळे. हुंडा द्यायला कुणाकडे पैसा नाही, अशा घरातल्या मुलीच्या गळ्यात एकही पैसा खर्च न होता एक हार पडलेला असतो.

मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे शरच्चंद्र मराठी घरांत पोचले. आमच्या आजीच्या ट्रंकेत त्यांचे दोन-चार अनुवाद होते, पण ‘परिणीता’ त्यात नव्हती. मी वाचनालयातून हिंदी अनुवाद आणून आईला दिला. शंभरेक पानांचं पुस्तक, एका बैठकीत संपणारं. पण ती दुपारी चष्मा लावून रोज थोडं थोडं वाचते. काल संध्याकाळी कालीच्या बाहुलीच्या लग्नापर्यंत आली होती. खूण म्हणून पानात मेथीची एक वाळलेली काडी ठेवलेली आहे.